वणीला गेलेले दात

इंग्लंडमध्ये मी एका सरकारी इस्पितळात नर्स आहे. माझ्या वॉर्डात एक आजीबाई होत्या. खुब्याच्या ऑपरेशनसाठी त्यांनी सव्वा वर्ष वाट पाहिली होती. तारीख कळवणारं पत्र त्या पर्समध्ये घडी करून ठेवत आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला काढून दाखवत. तक्रारीचा एक शब्द नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटे. मग माझीच दाढ दुखायला लागली आणि माझं कौतुक आटलं.

आमच्या गावातल्या पाच दंतवैद्यांना मी फोन केले. पाचही जणांनी अतिशय गोड आवाजात सांगितलं की सध्या नवीन पेशंट घेत नाही, हवं तर यादीत नाव लिहून ठेवतो. मी नाव लिहिलं आणि सहा महिने डाव्या बाजूनं जेवले. वॉर्डात माझ्याबरोबर पोलंडची एक नर्स आहे. ती दर उन्हाळ्यात दात करून घ्यायला आपल्या घरी जाते. एक दिवस मला गाल धरून बसलेली पाहून ती म्हणाली, "तुझा देश बंद झालाय का?"

त्याच संध्याकाळी बाबांना फोन लावला.

"कायले रडत राह्यली तिकडं?" बाबा म्हणाले. "तीन हप्ते सुट्टी काढ अन् ये. आपल्या पांढरकवड्यात दाताची म्याडम हाये. सकाळी गेलं का दुपारी मोकळं."

यातलं 'सकाळी गेलं' एवढं अगदी खरं निघालं. मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी मला साडेसहाला उठवलं. दवाखाना बसस्टँडजवळ, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. आम्ही गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. कडीला सुतळीनं वही आणि पेन बांधलेलं होतं आणि वहीत आमच्या आधीच तीन नावं होती. बाबांनी चौथं लिहिलं. मग खिशातून रुमाल काढून खिडकीच्या गजांतून नेम धरून आतल्या बाकावर टाकला. बाबा एसटीत कंडक्टर होते. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांवर ते जन्मभर ओरडत आले.

"बाबा, हे काय?"

"आता मी रिटायर हाओ," ते म्हणाले.

म्याडम साडेदहाला आल्या. तोवर हॉल भरला होता. आमच्या शेजारी केळापूरचे एक म्हातारे शेतकरी येऊन बसले. तोंडात एकही दात नाही. बाबांकडे निरखून पाहत ते म्हणाले, "राम राम कंडक्टर साहेब."

"जयभीम, जयभीम. कुठं पाह्यलं मले?"

"तुमी मले एक डाव घाटंजीच्या रस्त्यावर उतरवलं होतं."

"टिकीट नसन काढलं."

"काढलं होतं. संगं बकरी होती."

सगळा हॉल हसला. बाबासुद्धा. तिथून त्या आजोबांची आणि बाबांची अशी गट्टी जमली की मी दोघांच्या मध्ये बसलेली अडचण वाटू लागले. मीच उठून कडेला बसले.

आजोबांच्या नातीचं लग्न रविवारी होतं. साखरपुड्याला वणीहून नवरदेवाचे आजोबा आले होते. वय यांच्याएवढंच, पण त्यांनी भर मांडवात यांच्याकडे बघत कडकड सुपारी फोडून खाल्ली होती.

"माह्याकडं पाहून फोडली हो," आजोबा छातीवर हात ठेवून म्हणाले. "मी तवाच ठरवलं, लग्नात आपुनबी फोडाची."

त्यांच्या कवळीचं माप झालं होतं. यवतमाळला ती तयार होत होती, शनिवारी येणार होती. आज फक्त हिरडी दाखवायला आले होते. त्यांनी पिशवीतून घरच्या तुरीच्या उकडलेल्या शेंगा काढल्या आणि स्वतःला खाता येत नसताना सगळ्यांना वाटल्या. मी इंग्लंडहून आलेय हे बाबांकडून कळल्यावर एका बाईंनी मला विचारलं, "तिकडं दवाखान्यात नंबर लागेपर्यंत लोकं काय करते वो?"

"फोन बघतात. कोणी कोणाशी बोलत नाही."

"मंग तर दुखनं जास्तच जानवत असन," आजोबा म्हणाले.

बारा वाजता माझा नंबर आला. म्याडम माझ्याहून लहान होत्या. दाढ बघून म्हणाल्या, "सहा महिने? ताई, तुम्ही स्वतः नर्स ना?" तोंड उघडं असताना जितकी मान खाली घालता येते तितकी मी घातली. त्याच दिवशी रूट कॅनल सुरू झालं. बाहेर आले तर अर्धा हॉल उभा राहून विचारत होता, झालं का, झालं का. माझी जीभ बधिर. बाबांनीच परस्पर जाहीर केलं, "मुळापर्यंत गेली म्याडम!"

शनिवारी माझी दुसरी खेप. आजोबा आधीच येऊन बसले होते, कडक इस्त्रीचं धोतर, नवी टोपी. यवतमाळहून येणाऱ्या एका काळी-पिवळी जीपच्या ड्रायव्हरबरोबर दात निघाले होते. अकरा वाजले, बारा वाजले, माझी दाढ साफ करून झाली, तरी दातांचा पत्ता नाही. म्याडमनी यवतमाळला फोन केला. सकाळीच दिले, म्हणाले. ड्रायव्हरचा नंबर मात्र कोणाजवळच नव्हता. आजोबांची टोपी हळूहळू कपाळावर यायला लागली.

बाबा उठले. "चाला," म्हणाले.

स्टँडवरच्या झाडाखाली जीपवाले बसतात. बाबांनी तिथं एकाला विचारलं, त्यानं दुसऱ्याला फोन लावला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा नंबर दिला. दहा मिनिटांत आमचा ड्रायव्हर सापडला. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला.

"अरे बाप्पा! काका, तो डबा तर समोरच ठेवलेला राह्यला! मी वणीत पोचलो ना."

सगळे आजोबांकडे पाहू लागले. मग आजोबा म्हणाले, "घ्या. माहे दात माह्या आधी सोयऱ्याच्या गावाले पोचले."

माझा अर्धा गाल बधिर होता. अर्ध्या तोंडानं हसायची ती माझी पहिलीच वेळ.

जीप परत येईपर्यंत आम्ही स्टँडवरच थांबलो. तीनदा चहा झाला. चहावाला, पेपरवाला, गाडीची वाट पाहणारे प्रवासी, सगळ्यांना कळलं की वणीहून दात येताहेत. दोघातिघांनी तर दात पाहायचे म्हणून आपली गाडी सोडली. साडेचारला जीप आली. ड्रायव्हर प्रसादाचं ताट धरावं तसा तो डबा दोन्ही हातांनी धरून उतरला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्याडम जेवायलासुद्धा घरी गेल्या नव्हत्या. त्यांनी कवळी बसवली, घासून नीट केली आणि आजोबांच्या हातात आरसा दिला. आजोबा बराच वेळ पाहत राहिले.

"हा तर माहा भाऊ दिसते," ते म्हणाले. प्रत्येक 'स'ला आता बारीक शिट्टी वाजत होती.

"आजोबा, सुपारी अजिबात नाही हं," म्याडम म्हणाल्या. "आठ दिवस वरण-भात."

आजोबांनी मान हलवली, पण ती ऐकणाऱ्या माणसाची मान नव्हती.

रविवारी बाबा आणि मी लग्नाला गेलो, न जाणं शक्यच नव्हतं. अक्षता पडल्या, पंगत बसली. दोघे आजोबा समोरासमोर. आमच्या आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात सुपारी आहे हे आमच्या रांगेत सगळ्यांना माहीत होतं. भात वाढला, वरण वाढलं, तूप पडलं. तेवढ्यात समोरच्या वणीच्या आजोबांनी इकडंतिकडं पाहिलं, तोंडात हात घातला आणि वरची, खालची अशा दोन्ही कवळ्या काढून खिशात टाकल्या.

"याच्यानं जेवन होतच नाई बाप्पा," ते म्हणाले.

आमचे आजोबा पाहतच राहिले. "मंग ते सुपारी?"

"दाखवासाठी एक फोडली. चार रोज हिरडी सुजली होती माही."

आमचे आजोबा असे हसायला लागले की खालची कवळी सुटून बाहेरच आली. त्यांनी ती वरच्यावर झेलली, वरचीही काढली, आणि मग दोन्ही सोयरे बोळक्या तोंडानं वरण-भात ओरपत बसले. बाबांना ठसका लागला. मी त्यांच्या पाठीवर थापट्या मारत होते आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी येत होतं.

मंगळवारी माझ्या दाढेवर कॅप बसली. म्याडमनी उजवीकडून चावून पाहायला लावलं. चावलं, आणि दुखलं नाही. त्यांचे आभार मानून मी बाहेर आले. बाबा बाकावर एका अनोळखी बाईंना काहीतरी रंगवून सांगत होते आणि त्या बाई सुजलेल्या गालावर हात ठेवून हसत होत्या.

"बाबा, झालं माझं. निघायचं?"

"पाच मिंटं थांब ना," बाबा म्हणाले. "या बाईंचा नंबर अजून दूर हाये."

मी त्यांच्या शेजारी जागा करून बसले.