कोहळ्यावरचा त्रिकोण

जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण देणाऱ्या त्या अकादमीत जाऊन चाळीस दिवस झाले, तरी समीक्षा उमाटेनं समुद्र पाहिला नव्हता. अकादमी चेन्नईच्या पुढे, किनाऱ्यापासून अकरा किलोमीटर आत. तिच्या वाट्याला आलं होतं ते कवायतीचं मैदान, वर्गातला बाक आणि पोहण्याचा तलाव. आई फोनवर विचारायची, "पाह्यला का वं समुद्र?" आणि समीक्षा म्हणायची, "पाह्यतो ना आई, रविवारी." रविवारी कपडे धुऊन, बूट चमकवून ती दुपारी जी आडवी व्हायची ती थेट संध्याकाळच्या शिट्टीलाच उठायची.

वर्ध्याजवळच्या तिच्या गावात, आंजीत, मात्र ती कधीच जहाजावर चढली होती. तिची निवड झाली तेव्हा गावातल्या मंडळींनी बस स्टँडवर तिचा फ्लेक्स लावला होता. मागे निळं पाणी, पांढरं जहाज, आणि पुढे बारावीच्या ओळखपत्रावरचा तिचा फोटो. तिचे बाबा ओमप्रकाश आणि आई कुसुमबाई अडीच एकरात भाजीपाला काढत. वांगी, फुलकोबी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. माल कधी वर्ध्याला जाई, कधी गावच्याच बाजारात आई दुकान मांडून बसे. समीक्षा शाळेत पहिली यायची, आणि गणितात तर तिच्या जवळपास कुणी नसायचं. आठवी ते दहावी तिला गणित शिकवलं होतं ते नत्थूजी सरांनी. बारावीत असताना "मले जहाज चालवाचं हाये" असं तिनं पहिल्यांदा सांगितलं तेही त्यांनाच. सर हसले नाहीत. निवृत्त होऊन दीडेक वर्ष झालेल्या त्या माणसानं स्वतःच्या मोबाईलवर तिच्यासोबत बसून फॉर्म भरला.

अकादमीत पहाटे पाचला शिट्टी व्हायची. मग धावणं, मग खोलीची तपासणी. चादरीला एक सुरकुती दिसली तरी मैदानाला दोन जादा फेऱ्या. आठ वाजता वर्ग सुरू व्हायचे आणि मध्ये जेवणाची सुट्टी सोडली तर चारपर्यंत थांबायचे नाहीत. पहिल्या सत्रातच नऊ विषय. जहाज कसं बांधतात, माल कसा रचतात, दोर कसा गाठवतात, नकाशावर रेघ कशी आखतात. शिवाय भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, इंग्रजी. जहाजांची टक्कर होऊ नये म्हणून जगभर पाळले जाणारे नियम तर इंग्रजीत अक्षरन् अक्षर पाठ लागायचे. 'द'च्या जागी 'अ' म्हटलं तरी मास्तर खाली बसवत. समीक्षाचं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीत. अकरावी-बारावीत इंग्रजीशी तिची ओळख झाली होती, पण इथे दर तासाला तीस पानं समोर यायची.

तिनं सगळं पाठ करायचा सपाटा लावला. आंघोळीला रांगेत उभी राहून पाठ करायची, जेवताना पाठ करायची. तिच्या खोलीत राहणारी इंदूरची रुचिका एकदा म्हणाली, "तू समझती कब है?" समीक्षाला राग आला. समजायला वेळ कुठे होता? एका प्रॅक्टिकलला तर ती उभ्या उभ्याच झोपली आणि हातातला कंपास खाली पडल्यावर जागी झाली.

पोहण्याचं तर नावच नको. लहानपणापासून तिला एकच सांगितलं गेलं होतं, विहिरीजवळ जायचं नाही, धाम नदीत उतरायचं नाही. आणि इथे तीन मीटर उंच फळीवरून पाण्यात उडी मारायची, पन्नास मीटर पोहायचं, ही परीक्षा पास झाल्याशिवाय पहिलं वर्ष पुरं होणार नव्हतं. ती फळीवर जायची, खाली पाहायची आणि शिडीनं परत उतरायची.

डिसेंबरात सत्र संपलं आणि ती तीन आठवड्यांच्या सुट्टीवर सेवाग्राम स्टेशनला उतरली. बाबा घ्यायला आले होते. "वाळली वं तू," एवढंच म्हणाले आणि तिची बॅग गाडीवर समोर घेतली. बस स्टँडवरून जाताना तिनं मान दुसरीकडे वळवली. उन्हानं फ्लेक्सचा निळा रंग उडाला होता, पण नाव अजून ठळक होतं.

निकाल आला तेव्हा ती वावरात वांगी तोडत होती. मोबाईलवर पान उघडायला वेळ लागला. नऊपैकी सात विषय पास. नौकानयनात नापास. गणितात नापास. शंभरपैकी सव्वीस.

ती ते आकडे बघत राहिली. नौकानयन तिला कधी कळलंच नव्हतं, त्याचं तिला फारसं नवल वाटलं नाही. पण गणित! आयुष्यात तिला गणितात पंच्याण्णवच्या खाली गुण कधी पडले नव्हते. तिनं मोबाईल ओढणीत गुंडाळून बांधावर ठेवला आणि उरलेली ओळ तोडून पुरी केली.

जेवणं झाल्यावर तिनं सांगून टाकलं. "बाबा, मी वापस नाई जात."

ओमप्रकाश हात पुसता पुसता थांबले. "काऊन? कोनी तरास देते का तिथं?"

"नाई."

"खायले बरोबर नाई भेटत?"

"भेटते."

"मंग काय झालं बेटा?"

"मले समजतच नाई बाबा. दोन इषयात नापास झालो. गनितात बी." एवढं बोलून ती रडायला लागली. हे वाक्य तिनं त्या घरात पूर्वी कधी उच्चारलं नव्हतं आणि ते ऐकायची त्या दोघांनाही सवय नव्हती.

कुसुमबाई तिच्याजवळ सरकून बसल्या. "मंग नोको जाऊ," त्या लगेच म्हणाल्या. खरं तर पोरगी गेल्यापासून त्यांच्या जिवाला घोर होता. टीव्हीवर वादळाची बातमी आली की त्या हातातलं काम टाकून बघत बसत. "इथंच वर्ध्याले बीएस्सी कर. लोकं काय, दोन दिवस बोलतीन."

ओमप्रकाश म्हणाले, "तिकीट तेरा तारखेचं हाये. तवापर्यंत इचार कर. नाई जाचं तं नाई जाचं, पन अकादमीवाल्यायले तू स्वतः फोन करून सांगजो. मी नाई सांगनार."

बाजाराच्या दिवशी ती आईबरोबर दुकानावर बसली. घरी बसून छताकडे पाहण्यापेक्षा ते बरं. आणि नेमके तिथेच नत्थूजी सर पिशवी घेऊन आले. सुट्टीवर आल्यापासून ती त्यांच्या घराकडे फिरकली नव्हती.

"कवा आली वं? मले तं पत्ताच नाई!" सरांचा चेहरा फुलला. "सांग, काय शिकोते तिथं गनितात?"

समीक्षानं आईकडे पाहिलं. आई सांभाराच्या जुड्या नीट करण्यात गुंतल्यासारखं दाखवत होती. "गोलावरचे त्रिकोन," समीक्षा कशीबशी म्हणाली. "सर, मी त्यातच नापास झालो."

तिला वाटलं, आता ते धीर देणार, होतं असं म्हणणार. पण त्यांच्या कपाळावर भलतीच आठी पडली. "गोलावर त्रिकोन? तो कसा असते? मी नाई शिकलो बाप्पा हे. दाखव बरं."

"सर, पुस्तक घरी हाये."

"पुस्तक कायले पाह्यजे?" त्यांनी दुकानातलं एक गोल गरगरीत कोहळं, म्हणजे लाल भोपळा, उचलून तिच्यापुढे ठेवलं आणि खिशातला पेन काढला. "हे घे. हे पृथ्वी समज."

कुसुमबाई म्हणाल्या, "सर, ते इकाचं हाये."

"मीच घेतो बाई ते," सर म्हणाले.

समीक्षानं कोहळं फिरवलं. देठाशी उत्तर ध्रुव. देठापासून खाली उतरणाऱ्या कोहळ्याच्या खोबणी, त्या रेखांशांसारख्याच तर होत्या. तिनं मधोमध आडवी रेघ काढली, विषुववृत्त. मग मध्ये कोहळ्याचा पाव भाग सोडून दोन खोबणी देठापासून त्या रेघेपर्यंत पेनानं गिरवल्या. तीन बाजू, तीन कोन. त्रिकोण झाला.

सरांनी चष्मा वर केला. "आता याच्या तिन्ही कोनाची बेरीज सांग."

"दोनशे सत्तर."

"काय बोलून राह्यली? त्रिकोनाची बेरीज एकशे ऐंशी."

"सपाट कागदावर, सर. इथं नाई. पाहा ना." शेजारच्या दुकानदाराकडून तिनं काडेपेटी मागून घेतली आणि तिचा काटकोनी कोपरा विषुववृत्ताच्या रेघेवर लावून दाखवला. बरोबर बसला. दुसऱ्या टोकाला लावला. बसला. देठाशी लावला, तिथेही बसला. नव्वद, नव्वद आणि नव्वद.

नत्थूजी सर खाली पोत्यावरच बसले. काडेपेटी घेऊन त्यांनी तिन्ही कोपरे स्वतः तपासले, मग पुन्हा एकदा तपासले. भाजी घ्यायला आलेल्या दोन बाया बघत उभ्या राहिल्या.

"एकतीस वर्ष मी पोरायले एकशे ऐंशी सांगतलं," सर हळूच म्हणाले, आणि एकदम मोठ्यानं हसले. "अन् ही पोरगी नापास म्हन्ते!"

समीक्षा मात्र हसली नाही. ती कोहळ्याकडे पाहत होती. पाच महिने तिनं सूत्रं पाठ केली होती, पण त्या सूत्रांमधला त्रिकोण तिनं एकदाही हातात धरला नव्हता. ध्रुव, जहाज जिथे आहे ती जागा आणि जिथे जायचंय ती जागा, एवढे तीन बिंदू. पुस्तकातली ती लांबलचक सूत्रं एवढ्याच तीन बिंदूंबद्दल बोलत होती. ती कोहळ्यावर दुसरा, लहान त्रिकोण काढायला लागली. तेवढ्यात सरांनी विचारलं, "अन् हा कोन कसा काढाचा?" तिला उत्तर देता आलं नाही. "मंग उद्या सांग," म्हणून सर कोहळं काखेत घेऊन निघून गेले. भाजी घ्यायची राहूनच गेली.

पुढचे बारा दिवस ते रोज दुपारी यायचे. अंगणात तुरीच्या शेंगा वाळत पडलेल्या असायच्या, त्यांच्या कडेला दोघं बसत. सर शिकवत नव्हते, त्यांना ते येतच नव्हतं. ते फक्त विचारत, आणि उत्तर पटलं नाही की मान हलवत. "मले नाई समजलं. परत सांग." एक उदाहरण सोडवायला तिला एक पूर्ण दुपार लागली आणि तरी उत्तर चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चूक सापडली तेव्हा ती चप्पल न घालता त्यांच्या घरी पळत गेली.

तेरा तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा आईनं विचारलं, "जातं म्हन्तं का मंग?"

"जातो."

"समजते आता?"

"थोडं थोडं." मग ती म्हणाली, "बाकीचं नाई समजत अजून. पोहनं बी नाई येत."

कुसुमबाईंनी तिच्या बॅगेत लोणच्याची बरणी ठेवली, काढली, कापडात गुंडाळून पुन्हा ठेवली. "मले तं वाटे तू नाई म्हनशीन," त्या म्हणाल्या. समीक्षानं बॅगेची चेन लावली.

दुसरं सत्र सोपं नव्हतं. शिट्टी पाचलाच होत होती. नवे नऊ विषय आणि जुने दोन मिळून अकरा पेपर झाले. पण आता वर्गात काही कळलं नाही की ती हात वर करायची. पहिल्यांदा केला तेव्हा मागे कुणीतरी खिदळलं. शिकवणाऱ्या कॅप्टन साहेबांनी मात्र फळा पुसला आणि पहिल्यापासून समजावलं, आणि तास संपल्यावर खिदळणाऱ्यांपैकीच दोघांनी तिची वही मागितली. नियम पाठ करणं काही सुटलं नाही. कपडे धुताना रुचिका एक जहाज व्हायची, समीक्षा दुसरं. उजव्या बाजूनं समोरचं जहाज आडवं येतंय, तर वाट कुणी सोडायची? बादल्या सरकवून दोघी ते ठरवत.

पोहण्याच्या परीक्षेत ती फेब्रुवारीत नापास झाली. मार्चमध्येही झाली. उडी मारली, पण तीस मीटरवर कडेला हात टेकला. त्यानंतर रोज संध्याकाळच्या मोकळ्या तासात ती तलावात उतरायला लागली. प्रशिक्षक काठावरून ओरडायचे, तिच्या नाकात पाणी जायचं, खोकत खोकत ती पुन्हा सुरू व्हायची. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिनं पन्नास मीटर पुरे केले. वेळ सगळ्यांत जास्त लागला. कागदावर प्रशिक्षकांनी वेळ लिहिली नाही, फक्त 'पास' लिहिलं.

वर्षाचा निकाल जूनमध्ये लागला. अकरापैकी दहा पेपर सुटले, जुने दोन्ही धरून. इलेक्ट्रॉनिक्स राहिलं. नौकानयनात बावन्न, त्या राहिलेल्या गणितात एक्क्याऐंशी. तिनं आधी बाबांना फोन केला, मग सरांना. सरांनी अभिनंदन वगैरे केलं नाही. "एकोनीस गुन कुठं गेले?" असं विचारून त्यांनी तिला अर्धा तास फोनवर धरून ठेवलं.

त्या आठवड्यात ओमप्रकाश बाजारात दुकानावर होते. कुणीतरी विचारलं, "पोरीचा निकाल लागला म्हन्ते. कितवी आली?"

"एकतिसावी," ओमप्रकाश म्हणाले.

"किती जनात?"

"चाळीस."

ओमप्रकाशनी त्याची वांगी तोलली, वरून दोन जास्तीची टाकली आणि म्हणाले, "एक पेपर राह्यला तिचा. ते बी काढते."