जाळीतली हवा

सोपान मिस्त्री पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाहेर, सेनगाव रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. मी दारात उभी राहिले तर चष्मा कपाळावर चढवून ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "नाकाला दोन तुकडे पुरतेत. कानाला पाच लागतेन. कान लई अवघड."

"काय म्हणालात?" माझा आवाज चढला.

आतून त्यांच्या बायकोनं, गयामावशींनी, ओरडून सांगितलं, "भिऊ नको माय, ते साच्याचं बोलून राहिले! मला पाहायला आले तवा बी असंच पाहत बसले व्हते. माझा बाप म्हणे, पोरगं येडं हाय का काय!"

मिस्त्री सिमेंटचं ओतकाम करायचे. कठड्याचे खांब, खिडकीवरच्या महिरपी, तुळशीवृंदावनं, हवेच्या जाळ्या. बाजारात तयार मिळतं ते नव्हे. गिऱ्हाईक सांगेल तसा आधी साचा घडवायचा आणि मग त्यात सिमेंट-वाळूचा माल ओतायचा. ओतणं कुणालाही जमतं, असं ते म्हणत. खरं काम साच्याचं. साचा वस्तूवर बसला पाहिजे आणि तिला न दुखवता सुटलाही पाहिजे. जिथं अडकेल तिथं त्याचा वेगळा तुकडा करायचा. त्यामुळं जगातली कोणतीही वस्तू दिसली की मिस्त्री मनात तिचे तुकडे पाडायला लागत. वांग्याला दोन, तांब्याला तीन. एकदा जीपमध्ये शेजारच्या माणसाचा फेटा ते इतका वेळ न्याहाळत होते की तो बिचारा उतरून पुढं जाऊन बसला.

मी कारण घेऊन गेले होते. साखऱ्याच्या अलीकडं आमचं गाव. गावात निजामाच्या काळातली एक लांबट इमारत आहे, पूर्वी तिथं शाळा भरे, आता वाचनालय आहे. तिच्या ओट्यापुढं चुन्यात घडवलेल्या सात जाळ्या. आठ पाकळ्यांचं फूल आणि त्याला गुंफलेलं दुसरं फूल, असं विणलेलं काम. दुपारी त्यातून ऊन येतं तेव्हा वाचणाऱ्याच्या पुस्तकावर फुलं पडतात. त्यातल्या तीन जाळ्या फुटल्या होत्या. उपसरपंच तुकारामतात्यांचं म्हणणं होतं की सातही काढून लोखंडी ग्रिल बसवावी. फुटायची कटकट नाही, रंग मारला की चकाचक.

माझं लहानपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर गेलं. वडील मोर्च्यांची पत्रकं वाटत आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. त्यामुळं अन्याय दिसला की माझा हात आधी छापखान्याकडं वळतो. मी 'जाळी वाचवा' असं पत्रक काढलं. ग्रामसभेत उभी राहिले आणि तात्यांनी "किती दिवसांत करता मग?" असं विचारल्यावर तडकाफडकी सांगितलं, "पंधरा दिवसांत!" सभेनं टाळ्या वाजवल्या. ठराव झाला की पंधराव्या दिवशी तीन नव्या जाळ्या दिसल्या तर ठीक, नाहीतर सातही उतरवून ग्रिल. मी त्या संध्याकाळीच तारखेसकट दुसरं पत्रक छापलं. मिस्त्रींकडं गेले ती त्यानंतर.

त्यांनी पत्रक वाचलं. ते सावकाश वाचत, ओठ हलवत. मग म्हणाले, "तारीख कुणाला इचारून छापली?"

"कुणाला विचारणार? वेळच नव्हता."

"मालाला इचारायचं व्हतं."

तरी दुसऱ्या दिवशी ते जीपनं गावात आले. मला वाटलं, टेप काढून मापं घेतील. त्यांनी बादलीभर काळी माती मागवली. ती मळली, कणकेसारखी मऊ केली. चांगल्या जाळीच्या एका पाकळीला आतून तेलाचं बोट फिरवलं, मागं फळी धरून पाकळीत माती दाबली आणि थोड्या वेळानं हलकेच मागच्या अंगानं ढकलली. मातीचा एक गोळा बाहेर आला. बदामासारखा, एका बाजूला रुंद, दुसरीकडं निमुळता. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

"हे काय हाय?"

"पाकळी."

"पाकळी न्हाई. पाकळीतली हवा. आपल्याला जाळी न्हाई करायची, माय. जाळीतली हवा करायची. हवा बराबर झाली का जाळी आपोआप व्हते."

मी तो गोळा उलटसुलट करून बघत राहिले. ज्या जाळीपुढं बसून मी शेकडो पुस्तकं वाचली तिच्यातल्या रिकाम्या जागेला आकार असतो, हे मला त्या दिवशी कळलं. शिवाय एक बाजू निमुळती का, हेही त्यांनी सांगितलं. सरळसोट गोळा केला तर ओतलेल्या मालात तो घट्ट बसतो, ओढला की पाकळी तुटते. "बाहेर पडायचा उतार आधीच ठेवावा लागते. ज्यानं जाळी केली त्या मानसाला हे ठाऊक व्हतं. त्याचं नाव कुठं हाय?"

नाव कुठंच नव्हतं. ओट्याच्या भिंतीत कोनशिला आहे. तिच्यावर ज्यांच्या हस्ते उद्घाटन झालं त्यांचं नाव आहे, हुद्द्यासह. ज्याच्या हातानं झालं त्याचं नाही. मी चिडून त्यावर पाच मिनिटं बोलले. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. माती झाकून ठेव, वाळून जाईन."

पुढचे दिवस मी रोज गोरेगावला जायची. सागाच्या लाकडाचे गोळे ते एकेक करून पटाशीनं घडवत. प्रत्येक गोळा मातीच्या गोळ्याशी जुळवत, मग डोळे मिटून अंगठा फिरवत. "डोळा खोटं बोलते, अंगठा न्हाई." मी घाई करत होते. सहावा दिवस, सातवा दिवस. "काका, एवढं कोण बघणार आहे?" असं एकदा म्हणाले तर गयामावशी साच्याला तेल लावता लावता हसल्या. "हेच मी चाळीस वरसं इचारून राहिले."

आठव्या दिवशी माल ओतला. नवव्या दिवशी साचे सुटले आणि गोळे निघाले. तिन्ही जाळ्या अशा सुटल्या की मी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री म्हणाले, "आता पाणी. एकवीस दिवस."

"आपल्याकडं सहा आहेत."

"सिमेंट वाळत न्हाई माय, पिकते. पाणी पीत पीत पिकते."

मी हट्ट केला. भांडले म्हणा ना. ठरावाची भीती घातली, सातही जाळ्यांचं पाप तुमच्या माथी येईल असं म्हणाले. हे म्हणायला नको होतं. मालात सिमेंट वाढवून टाकलंय, बघू, एवढंच ते बोलले. चार दिवस गयामावशींनी ओली पोती घालून पाणी मारलं. वैशाखाचं ऊन, पोती तासाभरात कोरडी. मग माझ्या आग्रहावरून जाळ्या पोत्यांतून बाहेर काढून वाळायला सावलीत उभ्या केल्या.

चौदाव्या दिवशी सकाळी गेले तर मिस्त्री जाळ्यांपुढं उकिडवे बसले होते. पाकळ्या जिथं एकमेकींना भेटतात तिथं केसासारख्या बारीक चिरा गेल्या होत्या. तिन्ही जाळ्यांना. लांबून दिसत नव्हत्या.

मी जे बोलले ते आजही जसंच्या तसं आठवतं. "सिमेंटचं पाणी करून चिरा भरू. वरून चुना मारला की कुणाला कळणार आहे?"

मिस्त्री उठले. शेडच्या आतल्या पत्र्यावर कागद चिकटवलेले होते, त्यातला एक त्यांनी अलगद सोडवून माझ्या हातात दिला. माझंच जुनं पत्रक. आमच्या पाण्याच्या टाकीला भेगा गेल्या होत्या आणि ठेकेदारानं त्या गिलाव्याखाली बुजवल्या होत्या, तेव्हाचं. ठळक अक्षरात मथळा होता : 'भेगा लपवणाऱ्यांनो, जाब द्या!'

"हे तूच लिवलं न?"

"हो."

"मला आवडलं व्हतं. म्हणून लावलं."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी उलट बोलले असते. त्यांनी घण उचलला आणि तिन्ही जाळ्या फोडल्या. एका जाळीला तीन-चार घाव. गयामावशी चुलीपासून उठल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "चहा घेऊन जा, माय."

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा. मी हात हलवत गेले. मिस्त्री मागं दाराशी बसले होते, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. तात्यांनी माझं पत्रक वर धरलं. "काय वो ताई, तारीख तं आज लिवली हाय. जाळ्या कुठं हायत? का पत्रकाचीच जाळी लावायची?" लोक खो खो हसले.

मी उभी राहिले. "तारीख मी छापली. करणाऱ्याला न विचारता छापली. जाळ्या झाल्या होत्या, पण माझ्या घाईनं त्यांना चिरा गेल्या. त्या चिरा मी चुन्यानं झाकायला निघाले होते. मिस्त्रींनी झाकू दिल्या नाहीत, फोडल्या. चूक माझी आहे. जुन्या जाळ्यांनी काही केलेलं नाही, त्यांना शिक्षा करू नका."

टाळ्या वाजल्या नाहीत. आजवरचं माझं हे एकच भाषण, ज्याला एकही टाळी पडली नाही. तात्यांनी पत्रकाची घडी घातली. मग मागं बघून म्हणाले, "मिस्त्री, किती दिवस लागतेन?"

"पिकलं की सांगतो."

"बिनतारखेचं काम पयल्यांदाच पाहून राहिलो!"

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "तात्या, तुमचा ग्रिलवाला बी तं दोन महिने झाले तारीख देऊन राहिला." आता हशा तात्यांवर फिरला. तेही हसले. ठरावात बदल झाला : मिस्त्री सांगतील तेव्हा.

मृगाच्या तोंडावर जाळ्या बसल्या. जुन्या चार, नव्या तीन. रंग, पोत, फुलं, सगळं असं जुळलं की मीही चार पावलांवरून चुकले. फक्त प्रत्येक नव्या जाळीच्या खालच्या अंगाला, साच्याचे तुकडे जुळतात तिथली एक बारीक रेघ तशीच उठून राहिली होती. मी म्हणाले, "काका, ही घासायची राहिली."

"राहिली न्हाई, ठेवली. जुन्याच्या पंगतीला नवं बसवायचं तं नवं हाय म्हणून सांगून बसवायचं. नक्कल करावी, फसवू नये."

त्या दिवशी ओट्यावर चहा पिता पिता मी विचारलं, "काका, तुमच्या तोंडाचा साचा किती तुकड्यांचा?" त्यांनी गालावरून अंगठा फिरवला. "निघणार न्हाई. समद्या सुरकुत्या. एकेकीत अडकून बसतेन." आणि मोठ्यानं हसले.

या हिवाळ्यात मिस्त्री गेले. छातीचं दुखणं होतं. सिमेंटची धूळ चाळीस वर्षं आत जात होती आणि तोंडाला बांधायला गमछ्यापलीकडं काही नव्हतं. यावर मी पत्रक लिहिलं आहे. तारीख टाकण्याआधी दोन ओतकाम कारागिरांना आणि गयामावशींना वाचून दाखवलं. गयामावशींनी एक वाक्य काढायला लावलं. मी काढलं.

शोकसभा वाचनालयाच्या ओट्यावरच झाली. हिंगोलीहून एक पाहुणे आले होते, शिकलेले, हौशी. ऊन उतरत होतं, सतरंजीवर फुलं पडली होती. जाळीवरून हात फिरवत ते मला म्हणाले, "काय कारागिरी होती जुन्या लोकांची! आता कुणाला जमतंय असं? सातही मूळच्याच ना?"

मी त्यांचा हात धरला, तिसऱ्या जाळीच्या खालच्या अंगाला नेला आणि अंगठा रेघेवर टेकवला.

"डोळे मिटा," मी म्हणाले. "आता सांगा."