गाभाऱ्याचं माप

"तू आत नको येऊ. टेप इकडं दे, आतलं आमी मोजतो. तू तिथूनच लिही."

सर म्हणाले. माझा उजवा पाय उंबरठा ओलांडायला उचललेला होता. तो मी मागं घेतला.

आवाज चढवला नाही त्यांनी. हसून म्हणाले, शाळेत फळा पुसायला सांगायचे तसं. आमच्या गावचं महादेवाचं देऊळ हेमाडपंती, काळ्या दगडाचं, आणि त्याचा गाभारा मंडपापेक्षा पाच पायऱ्या खाली. सर देवस्थानाचे अध्यक्ष. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. मला आठवी ते दहावी इतिहास त्यांनीच शिकवला. देवळाची दुरुस्ती निघाली, तिला नकाशा लागत होता, आणि नकाशा काढायला अमरावतीच्या एका खासगी ऑफिसनं मला पाठवलं होतं. गळ्यात ओळखपत्र, हातात टेप, पाठीवर बोर्ड. सरांना ओळखपत्र वाचायची गरज पडली नाही. मी कोणत्या मोहल्ल्यातली ते त्यांना पाठ होतं.

"काहून सर?" मी विचारलं.

"बायांले गाभाऱ्यात जाता येत नाई. रीत आहे."

मंडपात चार माणसं बसली होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग नंदीकडं पाहिलं. मी टेप दिला.

देताना सांगितलं, टोकाची कडी सैल झाली आहे, ती भिंतीला लावायची नाही. दहा सेंटिमीटरची खूण भिंतीला टेकवायची, मी मागाहून प्रत्येक आकड्यातून दहा वजा करते. जुन्या टेपशी आम्ही सगळे असंच वागतो. "समजते आमाले," सर म्हणाले आणि पुजाऱ्याला घेऊन खाली उतरले. अंधारातून आकडे येत राहिले. मी वर उभी राहून लिहीत राहिले. मग मी कर्ण मागितला, म्हणजे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंतचं तिरपं माप. खोली खरंच चौकोनी आहे का, ते त्यावरूनच कळतं.

"कर्ण कायले पाहिजे? देवाचं काम आहे, चौकोनच असन," सर खालून म्हणाले.

थोड्या वेळानं वरच्या आळीतली एक बाई पूजेचं ताट घेऊन आली. माझ्या बाजूनं पदर आवरून घेत पाच पायऱ्या उतरली आणि गाभाऱ्यात गेली. सर टेप गुंडाळत होते. त्यांनी सरकून तिला जागा दिली. मग वर पाहिलं, मी पाहतेय का म्हणून. मी पाहत होते.

मला दर्शन नको होतं. हे सांगितलेलं बरं, नाहीतर लोक भलतंच समजतात. आम्ही बौद्ध. आमच्या घरात देव नाहीत आणि त्यांच्यावाचून माझं कधी अडलं नाही. मला माप पाहिजे होतं. ते माझं काम होतं.

या देवळाची एक कथा आहे. देवांनी ते एका रात्रीत बांधलं. पहाटेच्या आत पुरं करायचं असा पण होता. भिंती झाल्या, खांब झाले, शिखर चढवायचं तेवढं बाकी होतं, आणि गावातला एक कोंबडा वेळेआधी आरवला. देव काम टाकून निघून गेले. म्हणून देवळाचा माथा सपाट आहे. आता कोंबडा कोणाचा, तर आमच्या मोहल्ल्यातला. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नळावर भांडण झालं की, "तुमच्या कोंबड्यानं देवाचा कळस खाल्ला." मोडलेलं लग्न, न आलेला पाऊस, सगळ्याला तोच कोंबडा पुरायचा.

आठवीत सरांनी ही कथा वर्गात सांगितली. इतिहासाच्या तासाला. छान रंगवून सांगायचे ते. कोंबड्यापाशी आले आणि थांबले. अख्खा वर्ग वळून माझ्याकडं पाहायला लागला. मागच्या बाकावरून कोणीतरी आरवलं. सर हसले. वर्ग हसला. मीसुद्धा हसले. मला अजून तेच खुपतं, की मीसुद्धा हसले.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा गिट्टीखदानीवर दगड फोडायचे. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. "एका रातीत? अन् कपची कुठं गेली मंग? एवढं देऊळ घडवाचं म्हनजे ढीग लागते कपचीचा." दुसऱ्या दिवशी ते मला देवळामागच्या वावरात घेऊन गेले. नांगरटीत काळ्या दगडाच्या धारदार चिपा वर आल्या होत्या, चपलेतून टोचत होत्या. त्यांनी एक उचलून माझ्या हातावर ठेवली. "हे मानसाईचं काम आहे. वर्सोनवर्स घाम गाळला असन कोनी कोनी. देवाच्या हातून कपची कायले पडन?" ती चिप माझ्या कंपासपेटीत होती दहावीपर्यंत. मी पुढं ड्राफ्ट्समनचा कोर्स केला त्याचं मूळ तिथं आहे.

बाबा आता नाहीत. आई त्यांच्या आधीच गेली. गावातल्या घराला कुलूप आहे. मोजणीचे सहा दिवस मी अमरावतीहून एसटीनं यायचे, अचलपूरच्या रस्त्यावर फाट्याला उतरायचे आणि चालत जायचे. बाहेरची सगळी मापं एकटीनं घेतली. टेपची दहाची खूण कोपऱ्याशी जुळवायची, वर दगड ठेवायचा, दुसरं टोक ओढत न्यायचं, परत येऊन दगड हलला नाही ना ते पाहायचं. डबा मागच्या जोत्यावर बसून खायचा. माणसं जायची यायची. कोणी, जेवली का, एवढंही विचारलं नाही. मी याच गावात जन्मले.

सोबत मिळाली ती दगडांवर. दक्षिणेच्या भिंतीवर बारीक खुणा सापडल्या, बोटभर लांबीच्या. मासा, बाण, एकात एक दोन चौकटी. दगड घडवणारे आपला दगड ओळखू यावा म्हणून अशा खुणा करायचे. माशाची खूण करणारा माणूस मला फार आवडला. चुना नाही, माती नाही, आणि त्याच्या दोन दगडांच्या सांध्यात पोस्टकार्डसुद्धा शिरत नाही. सात जागी सापडला तो मला. शेवटच्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात, येते, म्हणाले.

ऑफिसात येऊन आकडे मांडले. बाहेरची बाजू इतकी नेमकी बसली की एकटीच हसले. मग गाभारा घेतला. बसेना. समोरची भिंत मागच्या भिंतीपेक्षा दहा सेंटिमीटरनं आखूड. बरोबर दहा. काय झालं असेल ते लगेच कळलं. एका भिंतीला सरांनी दहाची खूण टेकवली होती, दुसरीला सैल कडीच लावली होती. मी मात्र दोन्हींतून दहा वजा केले होते. आणखी कुठं कुठं त्यांनी काय लावलं, ते देवालाच माहीत. कर्ण नव्हता, त्यामुळं कोणतं माप खरं ते ओळखायला मार्ग नव्हता. गाभाऱ्याच्या छताची एक शिळा तडकली आहे. तिच्या जागी याच आकड्यांवरून नवी घडवणार. ती चार बोटं आखूड पडली तर खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात येईल.

आमच्या ऑफिसच्या साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "दहा सेंटिमीटरसाठी कोन मरून राहिलं? चौकोन करून टाक. आत कोन पाहाले जाते?"

मी केला चौकोन. खोटं कशाला सांगू, केला. कर्ण बरोबर आला, कारण मीच तो तसा आणला. कागदावर देखणा दिसत होता. मग खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीशी आले. 'मोजणी करणार' असं तिथं छापलेलं असतं, पुढं नाव आणि सही. मी पेन टेकवलं आणि मला तो वर्ग आठवला. मी आत गेले नव्हते. मी ती खोली पाहिलीही नव्हती. आणि मोजली म्हणून सही करत होते. आठवीत हसले होते, तशीच आता सही करत होते. मला माझी लाज वाटली. सही केली नाही.

रविवारी गावी गेले, सरांच्या घरी. ते ओसरीवर खुर्चीत बसले होते. मी अंगणात, पायरीवर. घरातून चहा आला. सरांना कपबशीत, मला कागदी कपात. मी कडी आणि खुणेची भानगड समजावून सांगितली. छताच्या शिळेचं सांगितलं. ते नीट ऐकत होते. माणूस वाईट नाही असं मला अजूनही वाटत होतं. मी कागदी कप ठेवायला खाली वाकले आणि पायरीच्या बाजूला मासा दिसला.

तोच मासा. शेपटी जरा वर उचललेली. मी हात फिरवला. दगडावर जाळीचं कोरीवकाम होतं आणि मध्ये वीतभर उंचीचं चिमुकलं शिखर. असे दगड भिंतीत नसतात, खांबात नसतात. ते फक्त देवळाच्या माथ्यावर, शिखरातच बसवतात. म्हणजे शिखर होतं. चढलं होतं, कधीतरी पडलं होतं, आणि त्याचे दगड गावानं घरी नेले होते.

सर विचार करून म्हणाले, "असं कर. मंगळवारी पहाटे ये. पाचच्या आत, पुजारी यायच्या आधी. मी कुलूप काढून ठेवतो. काय मोजाचं ते मोज अन् चालली जाय. कोनाले सांगजो नको. मंग मी शुद्ध करून घेतो." थांबून पुढं म्हणाले, "तू हुशार पोरगी आहे. तुह्यासाठी करून राहिलो मी हे."

मला जावंसं वाटलं. अगदी आतून वाटलं. पाच पायऱ्या उतरायच्या, टॉर्च लावायचा, कर्ण घ्यायचा. तो माशाचा माणूस आतही आहे का ते पाहायचं. नोकरी टिकते, नकाशा खरा होतो, कोणाला कळत नाही. आणि मी गेल्यावर सर बादली आणून माझ्या पावलांवर पाणी ओतणार. माझ्याच गावात मी चोरासारखी येणार, आणि वर त्यांचे उपकार.

"नाही सर," मी म्हणाले. "मी दिवसा येईन. मंडपात सगळे बसले असतात तेव्हा."

"मंग नाई जमनार."

"मग मी नकाशात तसं लिहीन. मोजू दिलं नाही म्हणून."

सर खुर्चीत सरळ झाले. "कायदा मले नको शिकवू. गावात राहाचं आहे मले."

"मी पण याच गावची आहे." मी उठले. "आणि सर, तुमची ही पायरी देवळाच्या शिखराची आहे. कोंबड्यानं काही खाल्लं नव्हतं."

त्यांनी खाली पाहिलं. मग म्हणाले, "जुना दगड आहे. आजोबानं आनला होता." एवढंच.

फाट्याकडं जाताना मोहल्ल्यातून गेले. शेजारच्या काकू आमच्या कुलूप लावलेल्या घराच्या ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, इथं तरी कोणी पाठीवर हात ठेवेल. काकू म्हणाल्या, "आपल्याले त्याईच्या देवळाशी काय करा लागते बाई? नोकरी सांभाळ. बाप नाई, माय नाई तुले." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी चहा केला, स्टीलच्या कपात दिला. पण एसटीत बसल्यावर मला कळलं की या कामात मी एकटीच आहे. तिकडची नाही, आणि इकडच्यांनाही मी तिथं कशाला कडमडते ते समजत नाही. खिडकीकडं तोंड करून रडले थोडी. परतवाड्याच्या एक मुसलमान खाला शेजारी बसल्या होत्या. त्यांनी न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

सोमवारी मी तो देखणा चौकोन पुसला. भिंतींची बाहेरची रेघ ठेवली, दार ठेवलं, पाच पायऱ्या ठेवल्या. आत काहीच काढलं नाही. त्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'गाभारा मोजलेला नाही. मोजणी करणारीला आत जाऊ दिलं नाही.' खाली माझं नाव, आणि सही. सोबत पायरीच्या दगडाचं रेखाटन जोडलं, माशासकट, आणि तो कोणाच्या अंगणात आहे तेही लिहिलं.

साहेबांनी वाचलं. "हे खोडून आन," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी तोच कागद नेला. त्यांनी विचारलं, खोडलं का. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, मंग दुसऱ्याले पाठवतो. आणि तुह्यं काय कराचं ते महिन्याअखेर पाहू.

पाठवा. ज्याला पाठवतील त्याला कोणी उंबरठ्यावर अडवणार नाही. तो उतरेल, मोजेल, चौकोन भरेल, सही करेल. तो त्याचा नकाशा. माझ्या कागदाची एक प्रत माझ्याकडं आहे, आणि एक मी दुरुस्तीचं काम पाहणाऱ्या सरकारी कचेरीत देऊन पोच घेतली आहे. त्या कागदात गाभारा रिकामा आहे आणि रिकामाच राहणार. तो भरायचा असेल तर देवळाचं दार उघडं पाहिजे, दिवस वर आलेला पाहिजे, मंडपात ती चार माणसं बसलेली पाहिजेत. मी त्यांच्या देखत पाच पायऱ्या उतरेन. माझ्या हातानं दहाची खूण भिंतीला टेकवेन. आणि पहिल्यांदा कर्ण घेईन.