उजव्या कडेचा गडी

मी कल्याण स्टेशनात तारबाबू होतो. पुढची लाइन मोकळी असल्याची चिठ्ठी निघालेल्या इंजिनाच्या ड्रायव्हरला पळत पळत द्यायची, हे कामही माझ्याच गळ्यात पडलेलं. असंच एकदा इंजिनाबरोबर धावताना एका गोऱ्या ड्रायव्हरने माझे पाय पाहिले. त्यांच्या फुटबॉलच्या संघात उजव्या कडेला खेळणारा साहेब बदली होऊन गेला होता. "बाबू, कल मैदान में आना," ड्रायव्हर म्हणाला. मी गेलो, आणि गुडघे दुखायला लागेपर्यंत जात राहिलो.

कडेच्या गड्याचं काम सोपं, पण एकट्याचं. रेघ धरून उभं राहायचं, चेंडू आला की जीव तोडून पळायचं आणि तो मधल्या साहेबाकडे मारायचा. गोल त्याचा. चेंडू नाही आला तर कितीतरी वेळ माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. खेळ संपला की साहेब लोक त्यांच्या हॉलात चहाला जात. मला कोणी बोलावत नसे, आणि बोलावलं असतं तरी त्यांच्या हातचा चहा मला चालला नसता. दोन्ही बाजूंची सोयच होती म्हणायची. मी वर खोचलेलं धोतर खाली सोडून घरी निघे.

घरी वेगळीच तऱ्हा. चेंडू पडला कातड्याचा, त्यामुळे मागच्या विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय आई उंबऱ्याच्या आत घेत नसे. आंघोळ झाली की मी शुद्ध, आणि फुटबॉल जणू झालाच नाही. वडील त्यावरून कधी रागावले नाहीत आणि त्यांनी कधी काही विचारलंही नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान बोलणं तरी झालं असतं. माझ्या खेळाचं ऐकून घरातल्या एका माणसाला आनंद व्हावा, एवढंच मला हवं होतं. तेवढंच मिळत नव्हतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटे.

मग ठाण्याच्या मैदानावर पलटणीतल्या गोऱ्यांशी सामना झाला. अगदी शेवटी चेंडू माझ्याकडे आला तेव्हा मधला साहेब चिखलात आडवा झाला होता आणि गोल समोर उघडा होता. मी मारला. माझ्या अनवाणी पायाचा तो चेंडू आत गेला नि आम्ही जिंकलो. साहेबांनी एकमेकांचे हात हातात घेतले. ड्रायव्हरने लांबूनच माझ्याकडे बघून मान हलवली.

परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. आज वडिलांना सांगायचंच. विहिरीवर घाईघाईने अंगावर पाणी ओतलं आणि पाटावर येऊन बसलो. पण वडील जेवताना मौन पाळत. त्यांचा ताकभात संपायची वाट बघत मी माझा भात चिवडत राहिलो. ते आचवून आले.

"आज ठाण्याला मी..." मी सुरुवात केली.

"आंघोळ केलीस ना?"

"केली."

"मग झालं," म्हणून ते सुपारी कातरायला बसले.