जमते ना साहेब

बार्शीटाकळीत देवमन आमचा शेजारी. 'जमत नाही' हे शब्द या माणसाच्या तोंडून निघाले तर मी मिशी काढीन, असं मी चारचौघांत सांगत असे. हरभरा काढताना मळणी यंत्रात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, उरलेली ताठली. तरी चौकात कोणी विचारलं, "हात कसा हाये?" तर उत्तर ठरलेलं, "एकदम झकास." मजुरीला मात्र त्याला कोणी बोलवेना. बायको, जाईबाई, एकटीच निंदणाला जाऊन जाऊन कंबरेतून वाकली. अपंगाचं सर्टिफिकेट काढा, निराधारचा पगार सुरू होईल, असा धोशा शेवटी तिनंच लावला.

मी त्याला अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. गडी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, सेंट मारून निघाला, जणू सोयरीक जुळवायला चालला होता. डॉक्टरांनी हात तपासला आणि विचारायला सुरुवात केली.

"केस विंचरता येतात?"

"जमते ना साहेब."

"या हातानं जेवता?"

"जमते ना."

"पाण्याचा ग्लास उचलता?"

"दोन उचलतो."

मी मागून चिमटा काढला, तर माझ्यावरच डोळे वटारले. साहेबापुढे कमीपणा घ्यायचा नाही, ही आमच्याकडची जुनी खोड.

सर्टिफिकेट आलं, पस्तीस टक्के. देवमननं पेढे वाटले. दहावीच्या गणितात अडकलेला माणूस तो, पस्तीस म्हणजे पास हे त्याच्या हाडात भिनलेलं. इथं चाळीस लागतात, हे मी पेढा खाऊन झाल्यावर सांगितलं. त्या रात्री जाईबाईनं देवमनला वाढलेली वांग्याची भाजी तिखटजाळ होती.

फेरतपासणीला ती स्वतः सोबत आली. तपासणीसाठी शर्ट काढलेला होता, तो देवमननं कसाबसा अंगात चढवला.

"बटणं लावता येतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"जमते ना साहेब."

"मंग लावून दाखवा," जाईबाई म्हणाली.

देवमन बटणाशी झटत राहिला. ताठलेली बोटं नुसती घसरत होती. मागची रांग चुळबुळ करू लागली. जाईबाईनं स्वतःचे हात पदराखाली घट्ट धरून ठेवले होते. रोज सकाळी ही दार का लोटून घेते, ते मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

देवमननं मान खाली घातली. "नाई जमत साहेब. हीच लावून देते."

घरी येताच मी मिशी काढली. पुढे सर्टिफिकेटही आलं, चाळीसच्या वरचं.

ते आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवमन उघड्या शर्टानं ओट्यावर येऊन उभा राहिला आणि गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "ये वं, बटनं लावून दे."

"आत या ना," जाईबाई दारातून म्हणाली. "लोकं पाहून राहिले."

"पाहू दे," देवमन म्हणाला. "आता सरकारी कागद हाये."