चौदा दिवस, चार मुक्काम

रामप्रसाद राठोडांनी एस.टी.त चौतीस वर्षं काढली. आधी कंडक्टर म्हणून, मग हिंगोलीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी दोन मिनिटं उशिरा लागली की ते स्टँडभर येरझाऱ्या घालायचे, आणि दोन मिनिटं आधी सुटली तर त्याहून जास्त. ते रिटायर झाले तेव्हा औंढ्याजवळच्या त्यांच्या तांड्यावर लोकांना वाटलं, आता हा माणूस बांधावर स्वस्थ बसेल. पण ज्यानं जन्मभर माणसं इकडून तिकडं पोचवली तो कसला बसतोय? त्यांनी सहली काढायला सुरुवात केली.

पहिली सहल कोकणची. चार दिवसांत एकोणीस ठिकाणं. कुरुंद्याचे हळदवाले शेतकरी संतराम इंगोले रामप्रसादांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांनी त्यातली नऊ ठिकाणं गाडीत झोपून पाहिली. त्यांच्या बायकोला, द्वारकाबाईला, समुद्र सात मिनिटं मिळाला. तिनं चप्पल काढून पाण्यात पाय घातला न घातला तोच रामप्रसादांची शिट्टी वाजली. तरी परत आल्यावर कुणी तक्रार केली नाही. माणूस जिवाला जीव देणारा, त्याला काय बोलायचं?

रामप्रसादांची लेक संगिता अन्नप्रक्रियेचं शिकायला इटलीतल्या पार्मा गावी गेली होती आणि शिक्षण संपल्यावर तिथंच टोमॅटोच्या कारखान्यात नोकरीला लागली होती. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. एका रविवारी ती म्हणाली, "बा, मे महिन्यात या सगळेजण. हळद विकून झालेली असती, पेरणीला टाइम असतो. दोन हप्ते फिरू. पण एक सांगते, पळापळ करायची न्हाई. निवांत यायचं."

"निवांतच की," रामप्रसाद म्हणाले, आणि फोन ठेवायच्या आधीच त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारायला घेतल्या.

मंडळी जमायला वेळ लागला नाही. रामप्रसाद आणि त्यांची बायको मोतीबाई, संतराम आणि द्वारकाबाई, रिटायर ड्रायव्हर भीमराज, आणि औंढ्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या सुनिता मॅडम. सहाजण. संगिता तिकडून सातवी.

फेब्रुवारीत कुरुंद्याला संतरामच्या शेतातल्या आखाड्यावर बैठक ठरली. हळद शिजवणं चालू होतं. वाफेचा ढग सगळ्या शेतावर पसरलेला, हवेला तो ओला, मातकट वास. बाभळीखाली सतरंजी टाकून सगळे बसले. रामप्रसादांनी चष्मा लावला, कॅलेंडर उलगडलं आणि स्टँडवर गाड्या पुकारायचे तसं वाचायला लागले.

"दिवस पहिला. पाच दहाला उठणे. सहा दहा, नाश्ता. सहा पस्तीस, प्रस्थान. आठ वाजता पिसाचा वाकडा मनोरा, थांबा पंचवीस मिनिटं. दहा चाळीस, फ्लॉरेन्स..."

चौदा दिवसांत सव्वीस गावं, नऊ प्रांत. आल्प्सच्या पायथ्यापासून पार खाली, बुटासारख्या त्या देशाच्या टाचेपर्यंत. कॅलेंडर वाचून झालं. 

मग द्वारकाबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, सगळं झाक हाय. पण ह्यात चहा कुठं हाय?"

"नाश्त्यात आला न्हाई का!"

"बसून पेयाचा म्हन्ते मी."

भीमराज हसायला लागला. सुनिता मॅडम रुमालानं तोंड पुसायचं निमित्त करून हसल्या. संतराम म्हणाले, "राम्या, तू आमाला इटली दाखवून राहिला का डाक वाटून राहिला?"

रामप्रसादांनी मोतीबाईकडं पाहिलं. निदान तिनं तरी बाजू घ्यावी. मोतीबाई शेतकामाच्या बायकांसोबत हळदीचे गड्डे मोडत बसली होती. तिनं हात न थांबवता सांगितलं, "मला एका जागी बसायचंय. तुमची पहाटेची ड्युटी होती तवा मी तीनला उठत होते. आता इटलीत बी तीनला उठू का?"

"पाच दहाला लिहिलंय," रामप्रसाद म्हणाले.

"तुमचं पाच दहा. माझं तीन. तुमचा डबा, तुमचं पानी, तुमचा ड्रेस कोन करत होतं?"

 रामप्रसादांनी कॅलेंडर गुंडाळून बगलेत मारलं आणि परतीच्या बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले. दोन दिवस ते कॅलेंडराकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी संगिताचा फोन आला तेव्हा म्हणाले, "तुझ्या याडीलाच आखू दे सहल. आमाला कुठं काय कळतंय."

बंजारा घरात आईला याडी म्हणतात. संगितानं ते बोलणं टोमणा म्हणून घेतलंच नाही. "द्या मग याडीला फोन," ती म्हणाली.

मोतीबाईनं फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि भाकरी थापता थापता विचारायला लागली. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं, नकाशा तिला उलटा काय आणि सुलटा काय. पण तिचे प्रश्न रामप्रसादांच्या डोक्यात कधी आलेच नव्हते. तिथं घराजवळ पाणी आहे का? दुपारची सावली कुठं पडते? भाजीचा बाजार पायी जाण्याएवढा आहे का? चूल आपल्या हातात राहील का? म्हाताऱ्या माणसाला किती पायऱ्या चढाव्या लागतील?

"माझा आजा खेमा सांगत होता," ती म्हणाली, "जुन्या काळी आपले लोक बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे. तवा बैल थकल्यावर न्हाई थांबायचे. थकायच्या आधी थांबायचे. थकल्यावर थांबलं तर दुसऱ्या दिशी बैल उठत न्हाई."

रामप्रसाद पेपर वाचत बसले होते. पान उलटायचं ते विसरले.

तासाभरात चार मुक्काम ठरले. संगिताच्या पार्म्याला चार दिवस. तिथून तोस्काना प्रांतातल्या एका शेतावरच्या घरात पाच, कारण तिथून समुद्र तासाभरावर होता आणि द्वारकाबाईला पोटभर बसून तो बघायचा होता. उम्ब्रिया प्रांतातल्या डोंगरावरच्या लहान गावात तीन. आणि रोमला दोन, विमान तिथूनच होतं म्हणून. प्रत्येकानं आपली एकच इच्छा सांगायची. संतरामला टोमॅटोची शेती बघायची होती. सुनिता मॅडमला फ्लॉरेन्सची चित्रं. भीमराजला, गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं कशी चालवतात ते ड्रायव्हरच्या शेजारी बसून बघायचं होतं.

"आन् तुमाला?" मोतीबाईनं नवऱ्याला विचारलं.

"तो मनोरा," रामप्रसाद पेपरामागून म्हणाले. "पण सकाळी आठच्या आत जावं लागतंय. गर्दी होती."

"आठशे वर्षं पडला न्हाई म्हन्तात ना? मग तुमी दहाला गेले तरी पडायचा न्हाई."

व्हिसासाठी एप्रिलच्या सुरुवातीला सगळे मुंबईला गेले. कागद रामप्रसादांनी असे लावले होते की काउंटरवरची मुलगी म्हणाली, "एवढी नीट फाइल मी या आठवड्यात पाहिली नाही." ते फुलून गेले. मग बोटांचे ठसे द्यायची वेळ आली आणि मोतीबाईचे ठसे येईनात. काचेवर बोट ठेवलं की मशीन लाल दिवा दाखवायचं. एकदा, दोनदा, सहा वेळा.

"रेशनच्या दुकानात बी असंच करतंय," मागून द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांचे ठसे कसेबसे चौथ्या वेळी आले होते.

"काकू, अर्धा तास बसा," मुलगी म्हणाली. "कोमट पाण्यानं हात धुवा, थोडं क्रीम लावा, मग परत बघू. नाही आले तर दुसरी सोय आहे, घाबरू नका."

रामप्रसादांनी घड्याळात पाहिलं. परतीची गाडी सुटायला दीड तास होता. स्टेशनला जायला सव्वा तास. संतराम आणि बाकीचे सामान घेऊन दारात उभे. मोतीबाई हात धुऊन आली आणि बाकावर बसली. तिचा चेहरा उतरला होता. "माझ्यापायी सगळ्यांची तकलीफ," ती गोरमाटीत पुटपुटली. घरची बोली ती बाहेर सहसा बोलायची नाही.

सुनिता मॅडमच्या पर्समधली क्रीमची डबी घेऊन रामप्रसाद तिच्या शेजारी बसले. तिचा उजवा हात त्यांनी मांडीवर घेतला आणि एकेका बोटाला क्रीम चोळायला लागले. चारचौघांत असं त्यांनी कधी केलं नव्हतं. तिची बोटं त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिलीही नव्हती. टोकं गुळगुळीत झालेली, रेघाच नाहीत. कापूस वेचून, हळद मोडून, भांडी घासून, पहाटे तीनच्या चुलीत लाकडं सारून पुसून गेलेल्या. नखांच्या कडांना पिवळा रंग कायमचा बसलेला.  बोट चोळत राहिले.

"आवो, गाडी," मोतीबाई म्हणाली.

"दुसरी असती की," रामप्रसाद म्हणाले.

दारातला भीमराज वळून बघायलाच लागला. तीस वर्षं एकाच डेपोत काढली होती दोघांनी, आणि हे वाक्य त्यानं रामप्रसादांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

ठसे आले. आठव्या वेळी, हिरवा दिवा लागला तेव्हा काउंटरवरच्या मुलीनंच टाळी वाजवली. गाडी अर्थात चुकली. रात्र धर्मशाळेत निघाली आणि दुसऱ्या दिवशी जनरलच्या डब्यात उभ्यानं प्रवास झाला, पण कुणी कुरकुर केली नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सहाजण पार्म्याला उतरले. पहिले चार दिवस मोतीबाईच्या मनासारखे गेले. सकाळी भाजीबाजार, दुपारी आडवं होणं, संध्याकाळी चौकातल्या बाकावर बसून सायकलवरून जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका बघणं. संतरामनं टोमॅटोच्या नव्या रोपांची दोन एकर रांगच्या रांग वाकून पाहिली आणि ठिबकच्या नळीवरून शेतमालकाशी खाणाखुणांनी तासभर वाद घातला.

पाचव्या दिवशी सकाळी तोस्कानाला जायचं म्हणून सगळे बॅगा घेऊन स्टेशनवर आले. संगिता तिकिटं मोबाइलवर शोधत होती, तेवढ्यात रामप्रसाद म्हणाले, "गाडी येत न्हाई. संप हाय."

"बा, तुमाला कसं कळलं? बोर्ड तर इटालियनमधी हाय."

"बोर्ड कशाला वाचू? ते बघ." खांबाशी युनिफॉर्ममधली चार माणसं खिशात हात घालून उभी होती. "ड्युटीवरचा माणूस घड्याळाकडं बघतो. ह्यांच्यातला एक बी बघून राहिला न्हाई."

संगितानं चौकशी केली. खरंच संप होता. रामप्रसाद त्या चौघांपाशी गेले, छातीवर हात ठेवून म्हणाले, "बस. इंडिया. थर्टी फोर इयर्स." मोबाइलमधला युनिफॉर्ममधला स्वतःचा फोटो दाखवला. त्यातला पिकल्या मिशांचा माणूस एकदम मोकळा झाला. त्यानं हात हातात घेऊन जोरजोरात हलवला, काहीतरी लांबलचक तक्रार सांगितली, आणि शेवटी बोट पुढं करून म्हणाला, "दोमानी." उद्या. रामप्रसादांना त्या तक्रारीतला शब्द कळला नाही, पण सगळी तक्रार कळली.

ते परत आले तेव्हा सहाही जण त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आता हा माणूस भडकणार.

"मुक्काम वाढला," रामप्रसाद म्हणाले. "चला घरी. पिठलं करा कुनी तरी."

संगितानं शेतावरच्या घराला फोन केला. मालकीणबाई म्हणाल्या, उद्या या, खोल्या कुठं पळून जात नाहीत. घरी परत चालताना रामप्रसाद मोतीबाईच्या बरोबरीनं आले आणि समोर बघतच म्हणाले, "माझ्या कागदापरमानं असतो तर आज चार गावं गेली असती. तुझं बराबर होतं."

"व्हय," मोतीबाई म्हणाली. एवढ्यावर सोडलं, हेच पुष्कळ.

तोस्कानातलं घर टेकाडावर होतं. मालकीण सत्तरीची, अंगानं भक्कम, कमरेला ॲप्रन. तिचं नाव रोझान्ना, पण द्वारकाबाईनं पहिल्याच दिवशी तिचं रोजाबाई केलं. संतरामनं घरची हळद पुडीत बांधून आणली होती ती तिला दिली. तिनं वास घेतला, चिमूट जिभेवर टाकली, तोंड वाकडं केलं आणि पुडी मात्र फडताळात नीट वरच्या खणात ठेवली. द्वारकाबाईचा समुद्र एका दिवसात भागला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. मनोरा साडेअकराला बघितला. गर्दी होती. रामप्रसाद त्या गर्दीत आइस्क्रीम खात उभे राहिले.

तिथल्या शेवटच्या दिवशी दुपारी बाकीचे झोपले होते. रोझान्नाबाईनं अंजिराच्या झाडाखाली घमेलंभर हिरव्या शेंगा आणून ओतल्या, वालाच्या शेंगांसारख्या पण बोटाएवढ्या जाड. मोतीबाई काही न विचारता समोर जाऊन बसली आणि सोलायला लागली. दोघींना एकमेकींचा शब्द येत नव्हता, तरी बोलणं चालू होतं. सुनांबद्दल असावं, कारण दोघी अधूनमधून सारखाच सुस्कारा सोडत होत्या. मोतीबाईला सून नव्हती, पण तांड्यावरच्या सगळ्यांच्या तिला ठाऊक होत्या.

रामप्रसाद जिन्याच्या पायरीवर बसून बघत होते. रोझान्नाबाईनं त्यांना बघितलं, जवळचा स्टूल पायानं त्यांच्याकडं सरकवला आणि दोन मुठी शेंगा पुढ्यात टाकल्या. त्यांनी पहिली शेंग उलट्या बाजूनं मोडली. दाणा चिरडला. दुसरीचा उडून गवतात गेला.

"अशी न्हाई," मोतीबाई म्हणाली, "शिरेवरनं वढा." आणि तिनं त्यांचा अंगठा धरून शेंगेच्या पाठीवर ठेवला.