बेवारस वाक्य

माझ्या काकाचं काम नेमकं काय, हे आमच्या घरात कोणालाच धड सांगता यायचं नाही. शेजारणीनं विचारलं की आई म्हणायची, "सरकारी आहे," आणि विषय बदलायची. तो शास्त्रज्ञ नव्हता, पण दिवसभर शास्त्रज्ञांतच असायचा. सरकारच्या दोन-तीन खात्यांनी मिळून एखादं संशोधन करायचं ठरवलं की त्यांना एका टेबलाभोवती बसवायचं, एकाची यंत्रं दुसऱ्याला मिळवून द्यायची, एकाचे आकडे दुसऱ्याला कळतील असे करून घ्यायचे आणि शेवटी सगळ्यांच्या सह्यांचा एक अहवाल काढायचा, हे त्याचं काम. ऑफिसात त्याला डिंक म्हणायचे. बाबांना हे कळल्यापासून तो दारात दिसला की ते म्हणायचे, "या डिंकराव, आज कोणाकोणाला चिकटवलंत?"

हसायला ठीक आहे, पण काम जिकिरीचं होतं. खाती एकमेकांना पाण्यात पाहायची. हवा तपासणारे म्हणायचे, आरोग्यवाल्यांना मोजता येत नाही. आरोग्यवाले म्हणायचे, यांना माणसंच दिसत नाहीत. एका खात्यानं लिहिलेल्या वाक्यावर दुसऱ्याची हरकत ठरलेलीच, त्यामुळे अहवालांचं भिजत घोंगडं वर्षानुवर्षं पडून राहायचं. काकाच्या नाकी नऊ आले. मग त्यानं एक युक्ती काढली. अहवालातल्या प्रत्येक वाक्याला मालक हवा. मसुद्याच्या समासात, वाक्यासमोर, ते ज्या खात्याचं असेल त्याचं नाव लिहायचं. वाक्याची जबाबदारी त्या खात्याची, बाकीच्यांनी, अगदी काकाच्या समन्वय कक्षानंही, त्यात नाक खुपसायचं नाही. आणि ज्या वाक्याला कोणीच आपलं म्हणत नाही, ते गाळायचं. भांडणं थांबली आणि अडकलेले अहवाल भराभर निघाले. सचिवांनी त्याला बोलावून शाबासकी दिली. त्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला आला तेव्हा एवढा खुशीत होता की भांडीसुद्धा त्यानंच घासली.

बाबा खडी फोडायच्या कारखान्यात, म्हणजे क्रशरवर, होते. आजोबा लवकर गेले, बाबा शाळा सोडून कामाला लागले, आणि म्हणून काका शिकला. बाबा हे कधी बोलून दाखवायचे नाहीत. काका मात्र उठसूट बोलून दाखवायचा, अगदी आम्हाला कंटाळा येईपर्यंत. पुढे बाबांना खोकला लागला. आधी जिना चढताना दम लागायचा, मग शर्ट घालताना, मग नुसतं बोलताना. त्यांच्या बरोबरीचे बरेच जण असेच धापा टाकत घरी बसले होते. कारखान्याचा मालक म्हणायचा, सिगारेटी ओढतात, दुसरं काय होणार. बाबांनी जन्मात सिगारेट ओढली नव्हती.

त्याच सुमारास सरकारनं क्रशरच्या धुळीचा अभ्यास करायचं ठरवलं, आणि तो काकाकडेच आला. पहिल्या बैठकीत त्यानं सांगून टाकलं, माझा सख्खा भाऊ तिथे कामाला होता, मला यातून मोकळं करा. सचिव म्हणाले, "तुम्ही नसलात तर ही दोन खाती एका खोलीत तरी बसतील का?" तो राहिला. आम्हाला हायसं वाटलं. धुळीनं हा आजार होतो असं सरकारच्या अहवालात एकदा आलं, की क्रशरच्या कामगारांच्या उपचारांचा भार सरकार उचलणार होतं. तसा नियमच होता. बाबांना घरात प्राणवायूचं यंत्र मिळालं असतं. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि आमची सगळी भिस्त त्या अहवालावर होती.

अभ्यास उत्तम झाला, हे मलाही कबूल करावं लागेल. हवा तपासणाऱ्यांनी कामगारांच्या कॉलरला छोटे पंप लावून त्यांच्या नाकापुढची हवा तपासली. आरोग्य खात्याची गाडी एक्स-रे काढायला आली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले, जसं काही फोटोच काढायचा होता. हवेत दगडाची बारीक धूळ नको तेवढी आहे, हे एका खात्यानं सिद्ध केलं. कामगारांच्या छातीत डाग पडले आहेत, हे दुसऱ्यानं. आता राहिलं होतं फक्त मधलं वाक्य, की हे त्यामुळे झालं आहे.

घोडं तिथेच पेंड खायला लागलं. हवा खातं म्हणालं, "धूळ किती आहे ते आम्ही सांगितलं. ती छातीत जाऊन काय करते, हे आमचं काम नाही." आरोग्य खातं म्हणालं, "छातीत काय झालंय ते आम्ही सांगितलं. ते कशानं झालं हे आम्ही कसं सांगणार? हवा आम्ही मोजलेली नाही." कोणी खोटं बोलत असतं तर काका भांडला असता. पण दोघंही त्याचाच नियम पाळत होते, तेही अगदी शहाण्या मुलांसारखे.

त्यानं दोन्ही ऑफिसांत जाऊन मनधरणी केली. हवा खात्याच्या संचालक बाईंनी त्याला चहा दिला, बाबांची चौकशी केली आणि म्हणाल्या, "मला पटतं हो. पण आमच्या नावावर नको." आरोग्यच्या संचालकांनी जवळजवळ हेच ऐकवलं, फक्त चहा दिला नाही. शेवटी काकानं त्या वाक्यासमोर स्वतःच्याच कक्षाचं नाव लिहिलं. कायदा अधिकाऱ्यानं ते परत पाठवलं. "समन्वय कक्षाला मत नसतं, साहेब. हे तुम्हीच ठरवून दिलंय."

शेवटच्या बैठकीत सगळे आपापल्या कागदांत डोकं घालून बसले होते. सचिवांनी विचारलं, "या वाक्याचं काय करायचं?" काकानं पेन उघडलं आणि ते वाक्य स्वतःच्या हातानं खोडलं. हे त्यानंच मला सांगितलं, काही लपवलं नाही. मला त्या सगळ्यांचा राग येतो, पण काकाचा जास्त येतो. त्यांनी बाबांचा फक्त एक्स-रे पाहिला होता. काका त्यांच्या पाठीला उशा लावायचा.

छापलेला अहवाल घेऊन तो घरी आला तेव्हा बाबा पलंगावर टेकून बसले होते. आडवं झालं की त्यांचा जीव घुसमटायचा, म्हणून झोपही बसूनच. "वाच," ते म्हणाले. काकानं धुळीचं प्रकरण वाचलं, मग छातीचं वाचलं. मी दाराशी उभी होते.

"चांगलं लिहिलंय," बाबा म्हणाले. "सगळं खरंय." थोडा श्वास जमवून त्यांनी विचारलं, "मग यंत्र कधी येणार?"

"नाही येणार, दादा. धुळीमुळे हे झालं, असं यात नाहीये."

"का?"

काकानं सगळं सांगितलं. समास, मालकी, संचालक बाई, कायदा अधिकारी. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुझं तुला काय वाटतं? मला कशानं झालंय?"

"धुळीनं."

"नक्की?"

"नक्की, दादा."

मला वाटलं, आता ते त्याला बोलतील. बोलायलाच हवं होतं, मी वाट पाहत होते. बाबांनी हात लांब करून त्याच्या मांडीवरचा अहवाल मिटला.

"हे बाहेर कुठे बोलू नकोस," ते म्हणाले. "नोकरीवर येईल तुझ्या."

काका तिथेच, लहान पोरासारखा, हुंदके देऊन रडला. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही.

बाबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. शेवटी शेवटी त्यांना हवा अशी मिळतच नव्हती, आणि आम्ही खिडक्या उघडण्यापलीकडे काही करू शकत नव्हतो. काका अजून त्याच खुर्चीवर आहे, त्याची पद्धत आता सगळी खाती वापरतात. बाबांना कशानं मरण आलं, हे तो आजवर कोणाजवळ बोललेला नाही. मोठ्या भावाचं ऐकायची त्याला सवयच आहे.